गाय ज्वारीत शिरली, त्यानंतरचा एक तास

पुढचा घटनाक्रम कुण्या एका गायीचा नाही. वर्धा जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत जिथे नंद गवळ्यांचे कळप अजून चरायला निघतात तिथे, आणि ज्वारी पेरली जाते अशा कुठल्याही गावात तो थोड्याफार फरकाने असाच घडतो. म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही, मालकाचंही नाही. घड्याळाच्या वेळा या विषबाधेच्या नेहमीच्या वेगावरून बसवल्या आहेत. गाय मात्र गवळाऊ धरली आहे: पांढरी, हलक्या बांध्याची, पायाने चपळ, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. ही जात इथलीच. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी पैदास प्रक्षेत्र आहे.

चाळीस दिवस आधी

जुलैचा पहिला आठवडा. सोयाबीन झालं, कपाशी झाली, मधात तुरीच्या ओळी झाल्या. धुऱ्याकडची चार तासं उरली तिथे मालकाने ज्वारी टाकली. दाण्यासाठी नाही, ढोरांच्या वैरणीसाठी. एके काळी या पट्ट्यात ज्वारी हेच घरचं पीक होतं. रानडुकरं, रोही आणि पाखरं यांच्यापुढे लोकांनी हात टेकले, सोयाबीनचा पैसा रोख हातात येऊ लागला, आणि ज्वारी धुऱ्यापुरती उरली. तिच्याबरोबर तिच्याविषयीची जाणही आटली. ज्वारी निसवल्याशिवाय तिच्यात ढोर सोडू नये, हे पूर्वी गायक्याच्या पोरालाही सांगावं लागत नसे. आज त्याच वयाच्या पोराला सोयाबीनवरची अळी नावानिशी ओळखता येते आणि ज्वारीचं हे माहीत नसतं. माझ्या मते खरा अपघात इथेच सुरू होतो. पुढचं सगळं रसायनशास्त्र आहे.

ज्वारीचं रोप उगवल्यापासून आपल्या पानांत धुरीन नावाचं द्रव्य साठवतं. डन्स्टन आणि हेन्री या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी ते १९०२ मध्ये कोवळ्या ज्वारीतून वेगळं काढलं. धुरीन म्हणजे साखरेच्या रेणूला बांधून ठेवलेलं सायनाईड. बांधलेलं आहे तोवर निरुपद्रवी. ते पानाच्या वरच्या सालीतल्या पेशींत असतं आणि त्याची गाठ सोडवणारं विकर आतल्या गराच्या पेशींत. पान शाबूत असेपर्यंत दोघांची भेट होत नाही. अळीने, टोळाने किंवा गायीने पान चावलं की होते.

तीन आठवडे आधी

पावसाने दडी मारली. ज्वारी गुडघ्याला लागायच्या आत थांबली, पानं सुरळी होऊन उभी राहिली. वाढ थांबते तेव्हा झाडाचं वजन वाढत नाही, पण धुरीन तयार होत राहतं आणि थोड्या पाल्यात दाटत जातं. त्यातच मालकाने कपाशीला देऊन उरलेला युरिया या चार तासांना टाकून दिला. वाया का घालवायचा? नत्र मिळालं की धुरीन आणखी वाढतं.

दोन दिवस आधी

पाऊस आला. सुकलेल्या ज्वारीला बुडातून हिरवेगार, लुसलुशीत फुटवे आले. ज्वारीच्या उभ्या आयुष्यात याहून विषारी घडी सापडणं कठीण. कापणीनंतर धसकटांना फुटणारे कोंब या बाबतीत या फुटव्यांचे सख्खे भाऊ, म्हणून हीच गोष्ट दिवाळीच्या सुमारासही घडते. आणि बाकी धुऱ्यावर अजून गवत नसताना डोळ्यांत भरावी अशी हिरवळ फक्त इथेच आहे.

सकाळी ६.४०

रात्रभर दावणीला उपाशी उभ्या असलेल्या दोन गायी गायक्याने सोडल्या. तो चपलेचा अंगठा नीट करायला वाकला तेवढ्यात पुढची गाय काटेरी कुंपणाच्या खिंडारातून वावरात गेली. मागची धुऱ्यावरच रेंगाळली. रिकामं पोट आणि समोर कोवळा पाला: गाय चावत बसत नाही, जिभेने वेढा घालून ओढते, दोनदा दात लावते आणि गिळते. रवंथ नंतर.

सकाळी ६.४२

पहिल्या घासालाच पानाच्या पेशी फुटल्या आणि धुरीनला त्याचं विकर भेटलं. साखर सुटली, मागे राहिलेला तुकडा पुन्हा तुटला आणि त्यातून हायड्रोजन सायनाईड मोकळं झालं. पुढचं काम कोठीपोटात होतं. तिथली ऊब, ओल आणि अब्जावधी सूक्ष्मजीव हे काम झाडाच्या विकराइतकंच चोख करतात. घोड्याच्या पोटातलं आम्ल झाडाचं विकर बऱ्याच अंशी निकामी करतं, म्हणून घोडा तुलनेने वाचतो. चार कप्प्यांचं पोट ही गायीची एरवीची ताकद, आज तीच घात करते.

सकाळी ६.५५

हिशोब असा. जिवाला घातक मात्रा किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम. साडेतीनशे किलोच्या गायीला ७०० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमसुद्धा नाही. हिरव्या चाऱ्यात किलोमागे २०० मिलिग्रॅम सायनाईड निघण्याची क्षमता असेल तर तो धोक्याचा समजतात. म्हणजे साडेतीन किलो पाला पुरे. खंड पडून फुटलेल्या ज्वारीत प्रमाण याच्या दुप्पट असलं तर दोन किलोच्याही आत काम होतं. भुकेल्या गायीला एवढं खायला पाव तास लागतो.

गायक्याने तिला आता हाकलून बाहेर काढलं आहे. एक शिवी दिली, पाठीवर काठी टेकवली. पोट भरलेली गाय मुकाट निघाली. अजून काहीच दिसत नाही.

सकाळी ७.००

सायनाईडचा रेणू लहान, पाण्यात विरघळणारा आणि कातडी-पडदे सहज ओलांडणारा. कोठीपोटाच्या भिंतीतून तो रक्तात उतरू लागला. रक्त आधी यकृतात जातं, आणि यकृतात ऱ्होडनीज नावाचं विकर याच पाहुण्यासाठी बसलेलं असतं. ते सायनाईडला गंधकाचा एक अणू चिकटवतं, त्याचं थायोसायनेट होतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. रोज थोडी थोडी ज्वारी खाणारी जनावरं याच वाटेने निभावतात. हीच साडेतीन किलो ज्वारी गायीने दिवसभरात चार-चार घासांनी खाल्ली असती तर बहुधा संध्याकाळी ती गोठ्यात परत आली असती. पण ऱ्होडनीजला हाताशी गंधक लागतं आणि शरीरात ते मोजकंच असतं. थोड्याच वेळात गंधक संपतं. त्यापुढचं सायनाईड थेट हृदयाकडे आणि मेंदूकडे.

सकाळी ७.०८

इथे घड्याळ थोडं थांबवायला हवं, कारण गाय ज्या एका जागी मरणार आहे ती जागा डोळ्यांना दिसणारी नाही.

गायीच्या हृदयाच्या प्रत्येक पेशीत हजारो तंतुकणिका असतात. खाल्लेल्या चाऱ्यातून आलेली ऊर्जा तिथे इलेक्ट्रॉनच्या रूपाने एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे दिली जाते, विहिरीवर ओळीने उभं राहून माणसं बादल्या पुढे सरकवतात तशी. ओळीतला शेवटचा गडी म्हणजे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर. तो आलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करतो. चार इलेक्ट्रॉन, चार प्रोटॉन आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. हे करता करता तो आणखी चार प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलतो. पलीकडे साठलेले प्रोटॉन परत येताना एटीपी तयार करणारं यंत्र फिरवतात आणि त्या एटीपीवर हृदय आकुंचन पावतं, मेंदू जागा राहतो. आपण आणि गाय श्वासातून जो ऑक्सिजन वापरतो त्यातला बहुतेक सगळा या एका विकराच्या पोटात जातो. श्वास घ्यायचा तो याच्यासाठी.

त्याचा पत्ता लागायला बराच काळ गेला. केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये वर्णपटमापीतून जिवंत ऊतींकडे पाहून सायटोक्रोमचे काळे पट्टे ओळखले. बर्लिनमध्ये ऑटो वॉरबर्ग यांनी श्वसनाच्या विकरात लोह असतं हे दाखवलं. पेशींचा श्वास बंद पाडण्यासाठी त्यांनी जी विषं वापरली त्यांत सायनाईड होतंच. त्यांना १९३१ चं नोबेल मिळालं. आणि सस्तन प्राण्याच्या या विकराची अणूगणिक रचना पहिल्यांदा दिसली ती १९९५ मध्ये, जपानच्या शिन्या योशिकावा आणि तोमिताके त्सुकिहारा यांच्या गटाला. स्फटिक बनवण्यासाठी त्यांनी विकर काढलं होतं गायीच्या हृदयातून. तेरा प्रथिनांचा तो जुडगा आहे. त्यातल्या सर्वांत मोठ्या तिघांचा आराखडा तंतुकणिकेच्या स्वतःच्या जनुकांत असतो, म्हणजे वासराला तो फक्त आईकडून मिळतो. वळू कितीही नामी आणा, त्या तिघांत त्याचा वाटा शून्य.

विकराच्या पोटात एक लोहाचा आणि एक तांब्याचा अणू समोरासमोर बसलेले असतात. ऑक्सिजन त्यांच्या मधल्या फटीत येऊन बसतो. सायनाईड नेमकं त्या लोहाला धरतं. एवढंच होतं. ना काही फाटतं, ना जळतं. विकर धडधाकट राहतं, फक्त त्याची बसायची जागा अडलेली असते. मागे इलेक्ट्रॉनची रांग तुंबते, प्रोटॉन ढकलले जात नाहीत, एटीपीचं यंत्र थांबतं. पेशी नाइलाजाने ऑक्सिजनविना ग्लुकोज तोडायला लागते. पूर्ण ज्वलनातून ग्लुकोजच्या एका रेणूमागे तीसच्या आसपास एटीपी मिळायचे, आता निव्वळ दोन. वर लॅक्टिक आम्ल साठत जातं.

सकाळी ७.१२

गाय थबकली. कान मागे, नाकपुड्या फुगलेल्या. मानेतल्या धमनीजवळच्या संवेदी पेशींचंही तेच विकर अडलेलं आहे, आणि त्या पेशी मेंदूला एकच निरोप देऊ शकतात: हवा कमी पडते, श्वास वाढव. हवा कमी नाही. पावसाने धुतलेली सकाळ आहे, फुप्फुसं भरलेली आहेत, रक्त ऑक्सिजनने तुडुंब आहे. गाय धापा टाकू लागते आणि प्रत्येक श्वास वाया जातो.

गायक्याने घराकडे हाक दिली: "बाबा, इकडे या लवकर, गाय कशीच करून रायली!"

सकाळी ७.१७

तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी. शेण आणि मूत आपोआप सुटतंय. खांद्यावरची कातडी थरथरते, मग मांड्या. मालक धावत आला. त्याने पहिल्यांदा पाय पाहिले, कारण या दिवसांत पहिला संशय सापाचा. दंश कुठे दिसेना. पोट पाहिलं, फार फुगलेलं नाही.

ओठ वर करून हिरडी पाहिली असती तर उत्तर तिथे होतं. हिरड्या आणि पापणीची आतली बाजू लालभडक, निरोगी गायीपेक्षाही लाल. रक्तातला ऑक्सिजन पेशींनी उचललाच नाही, म्हणून तो शिरांतून तसाच परत फिरतोय आणि शिरांचं रक्त धमन्यांसारखं लाल झालंय. गुदमरणारं जनावर निळं पडतं अशी आपली समजूत. हे निळं पडतं ते अगदी शेवटी.

सकाळी ७.२०

फोन लागला. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक आता बऱ्याच जणांना पाठ आहे. पलीकडच्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मालक म्हणाला, काही नाही साहेब, जराशी ज्वारी. "जराशी" हा शब्द ऐकून डॉक्टर दुसऱ्या गावातून निघाले. रस्ता पाऊण तासाचा. त्यांनी बजावून सांगितलं: दुसरी गाय सावलीत बांधा, धावडवू नका, तोंडात काही ओतू नका.

तोवर शेजारी बाटली घेऊन आले होते. कुणाचं ताक, कुणाचं गुळाचं पाणी, कुणाचं तेल. धाप लागलेल्या, मान टाकलेल्या गायीच्या नरड्यात ओतलेलं पाणी सहसा फुप्फुसात जातं. माणसं काही तरी करायचं म्हणून करतात, हे समजतं. पण १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी ज्या वर्ध्यात गोसेवा संघ उभा केला, त्या जिल्ह्यातल्या गावात आज गायीसाठी ताक सापडतं, गूळ सापडतो, आणि जे एक मीठ लागतं ते सापडत नाही. सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओतले लोक त्याला हायपो म्हणत आणि डबेच्या डबे बाळगत. ते महाग नाही, दुर्मीळ नाही. फक्त हाताशी नसतं.

सकाळी ७.२६

गाय अडखळली, मागचे पाय आधी बसले, मग आडवी झाली. पाय लांब ताठ, मान पाठीकडे वळलेली. दोन झटके, मध्ये थोडी उसंत, पुन्हा झटके. कुणी तरी म्हणालं, कुणी काही घातलंय. गावात अशा वेळी हे कुणी ना कुणी म्हणतंच, आणि त्यावरून पुढे भांडणंही होतात.

सकाळी ७.४०

बाहुल्या पसरल्या. श्वास आता मोठा, खोल आणि फार अंतराने. हृदय मात्र चालू आहे. या विषात श्वास आधी थांबतो, हृदय त्यानंतरही थोडा वेळ धडधडत राहतं.

सकाळी ७.४६

थांबली. पहिल्या घासाला एक तास चार मिनिटं झाली, पहिल्या लक्षणाला चौतीस. पुस्तकं लक्षणांपासून मृत्यूपर्यंत साधारण अर्धा-पाऊण तास देतात.

सकाळी ८.०५

डॉक्टर पोचले. मेलेल्या गायीकडे त्यांनी एक नजर टाकली आणि दुसरीकडे गेले. तिने धुऱ्याच्या कडेचे थोडे घास खाल्ले होते. साडेसातच्या सुमारास तिलाही धाप लागली होती, पण ती अजून उभी होती.

त्यांनी ओठ उलटवून हिरडी पाहिली, सुईने शिरेतलं थोडं रक्त काढून सकाळच्या उजेडात धरलं. हे बघणं दोन सेकंदांचं, पण सगळा उपचार त्यावर ठरतो. खंडानंतरच्या ज्वारीत आणखी एक विष साठतं, नायट्रेट. त्यातही गाय धापा टाकते, लटपटते, पडते. मात्र त्यात रक्त चॉकलेटी होतं. सायनाईडवर पहिलं औषध सोडियम नायट्राईट, आणि तेच नायट्रेटच्या गायीला दिलं तर ती तिथेच संपते, कारण तिचं रक्त आधीच त्याने नासलेलं असतं. तिला मिथिलीन ब्लू लागतं. रक्त लालभडक होतं. डॉक्टरांनी नायट्राईट काढलं.

त्याची चाल उलटी आहे. नायट्राईट रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचं लोह बदलून टाकतं. ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायला नालायक होतं, पण सायनाईडला तसलंच लोह आवडतं. पेशीतल्या विकराला धरून बसलेलं सायनाईड हळूहळू सुटून रक्तातल्या या आमिषाकडे येतं. थोडं रक्त मुद्दाम खराब करून विकर सोडवून घ्यायचं, असा हा सौदा, म्हणून मात्रा मोजूनमापून: किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम, या गायीला साडेतीन ते सात ग्रॅम. त्यामागून शिरेतूनच थायोसल्फेट, किलोमागे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम. ते दिलं की यकृतातल्या ऱ्होडनीजला हवं तेवढं गंधक मिळतं आणि थायोसायनेट लघवीवाटे वाहू लागतं. बाकीचं थायोसल्फेट पाण्यात कालवून, अगदी सावकाश, नळीने पोटात; कोठीपोटात अजून न फुटलेलं धुरीन पडलेलं असतंच.

सकाळी ९.३०

लक्षणं दिसल्यापासून दोन तास जे जनावर तगतं ते बहुधा वाचतं, असा अनुभव आहे. दुसऱ्या गायीचे दोन तास आत्ता भरले. तिची धाप उतरली आहे. विकराला काही इजा झालेली नव्हती, त्यामुळे जागा मोकळी झाली की ते आहे तिथून काम सुरू करतं. तरी डॉक्टर जायला निघाले नाहीत. पोटातून पुन्हा विष सुटलं तर दुसऱ्यांदा औषध द्यावं लागतं.

सकाळी १०.१५

शवविच्छेदन झाडाखालीच झालं. कापलं तर रक्त लाल आणि पातळ, लवकर गोठेना. कोठीपोट उघडताच डॉक्टरांनी तोंड वळवलं आणि मालकाला मागे सरकवलं, कारण आतून निघणारा वायूही तोच. त्याला कडू बदामाचा वास येतो म्हणतात. तो वास सगळ्यांना येत नाही. काही माणसांचं नाकच जन्मतः त्याला बहिरं असतं. पोटातला चारा आणि यकृताचा तुकडा हवाबंद बाटलीत भरला, कारण उघड्यावर सायनाईड उडून जातं आणि उशिरा पोचलेल्या नमुन्यात प्रयोगशाळेला काहीच सापडत नाही.

मग डॉक्टरांनी मालकाच्या समोरच त्या चार तासांतली पानं खुडली, कात्रीने बारीक केली, काचेच्या नळीत घातली, वर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकले आणि बुचाला पिक्रेटची पिवळी कागदपट्टी अडकवली. ही साधी चाचणी गिग्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये दिली. पट्टी आधी नारिंगी झाली, मग विटकरी. कुणी काही घातलंय असा संशय घेणारे दोघं तिघं ती पट्टी हातात घेऊन बघत राहिले.

सकाळी ११.००

"मंग साहेब, आता या ज्वारीचं काय करू? उपटून टाकू?"

उपटायची गरज नाही. निसवू द्या, दाणा भरायला लागला की विष बरंच उतरतं. नाहीच थांबायचं तर कापून, पातळ पसरून, उन्हात कडक वाळवा. अर्धवट सुकलेली मात्र घालू नका, ती हिरवीइतकीच वाईट. मुरघास करायचा तर किमान महिना-दीड महिना खड्डा उघडू नका. कापल्यावर जे फुटवे येतील त्यांच्यासाठी कुंपणाचं खिंडार आजच बुजवा. आणि पावसाळ्यात ढोरं सोडायच्या आधी गोठ्यातच त्यांना दोन मुठी कुटार टाका, उपाशी पोटी सोडू नका.

मालकाने विचारलं, ते मीठ कुठे मिळतं.